जोडचाकं

सोनाजी: आक्का, परत सांगतो. हा बागंतला बुटका ट्रॅक्टर हाय, तुमच्या सासऱ्याच्या वेळचा. ह्याला मागं जोडचाकं लावली तर लोक हसतील.

द्वारकाबाई: हसू दे. तू लाव.

सोनाजी: चिखलात रुततो का?

द्वारकाबाई: नाय.

सोनाजी: मंग नांगराला जोर कमी पडतो?

द्वारकाबाई: नांगर कुठला वढतोय त्यो! मला ह्यो रुंद पाहिजे. बस.

सोनाजी: अरे बाप! वाळूजला गॅरेज टाकल्यापासनं असलं गिऱ्हाईक आलं नाय. कुनी जोर मागतंय, कुनी पकड मागतंय. नुसती रुंदी कशाला?

द्वारकाबाई: काकासाहेबानं भंडारा उचलला, तवा तू व्हतास ना देवळात?

सोनाजी: व्हय की. समद्या गावासमोर, खंडोबाच्या पायाशी. चुलतभावाच्या, म्हंजी तुमच्या घराशी वाटंचं भांडण मिटलं म्हनून आमी खोबरं बी खाल्लं.

द्वारकाबाई: काय बोलला?

सोनाजी: “वहिनींचा ट्रॅक्टर जाईल एवढी वाट जन्मभर मोकळी ठेवीन. शब्द मोडला तर घराण्याचं वाटोळं.”

द्वारकाबाई: मुडदा बशिवला त्याचा! बैलगाडी जायची त्या वाटंनं. दोन्ही अंगानं मोसंबी लावत आला. आता ह्यो बुटकाच कसाबसा जातो. माझी वाट खाल्ली आन् वर देवाचा शिक्का मारून घेतला. भंडारा उचलायच्या आधी काय केलं, त्ये गावाला ठाऊक नाय.

सोनाजी: काय केलं?

द्वारकाबाई: ह्यांच्या तेराव्याला जेवायला आला. हात धुतो म्हनून गोठ्यात गेला, खिशातनं सुतळी काढली आन् ट्रॅक्टर मोजला. मी चुलीपासनं बघत व्हते.

सोनाजी: तेराव्याला? मानूस हाय का कोन!

द्वारकाबाई: ह्यांच्या छातीत कळ आली तवा ॲम्ब्युलन्स डांबरीवर उभी राहिली. भोंगा वाजवत व्हती, आत यायला वाट नव्हती. मी ह्यांना लुगड्यानं माझ्या पाठीशी बांधलं आन् ह्योच ट्रॅक्टर चालवत नेला. डांबरी आली तवर ह्यांची मान माझ्या खांद्यावर पडली व्हती.

सोनाजी: ठाऊक नव्हतं, आक्का. बन्सीभाऊ दवाखान्यात गेले म्हनूनच ऐकलं व्हतं.

द्वारकाबाई: चाकं हायेत का तुझ्याकडं?

सोनाजी: हायेत, ह्याच मापाची जुनी. रिमला दुसरी रिम जोडायची, मधी लोखंडी कडं टाकायचं. काम अवघड नाय. पन मी धनगराचं लेकरू. भंडाऱ्याशी अशी चलाखी करायला भ्या वाटतं.

द्वारकाबाई: चलाखी त्यानं केली. मी फकस्त त्याच्या शब्दाला त्याला धरनार. सोताच्या हातानं झाडं तोडील त्यो, आन् मी बांधावर बसून चहा पीनार. लई बरं वाटनार हाय मला, सोनाजी. खोटं कशाला बोलू?

(गॅरेजसमोर गाडी थांबते. काकासाहेब खाली उतरतात.)

काकासाहेब: नमस्कार, वहिनी. गावात कुजबुज ऐकली, म्हटलं स्वतःच जाऊन बघावं. सोनाजी, ती चाकं बाजूला ठेव.

सोनाजी: काम घेतलंय, साहेब. जबान दिली.

काकासाहेब: वहिनी, घरातली गोष्ट घरातच मिटवू. ह्या म्हाताऱ्या ट्रॅक्टरला जोडचाकं? लोक काय म्हणतील?

द्वारकाबाई: म्हनतील, भाऊजी शब्दाचे पक्के. ट्रॅक्टर जाईल एवढी वाट, देवापुढं बोलले.

काकासाहेब: तेव्हा ट्रॅक्टर एवढा नव्हता!

द्वारकाबाई: तुमाला बरं ठाऊक! सुतळी कुठं ठेवली मंग?

काकासाहेब: कसली सुतळी?

द्वारकाबाई: तेराव्याची.

काकासाहेब: हे बघा, झाडांवर बहार आहे. पोटच्या पोरांसारखी वाढवलीत ती. एका अंगाची ओळ काढतो, इथंच मिटवा.

द्वारकाबाई: ह्यांना बी कुनीतरी तसंच वाढवलं व्हतं. दोन्ही अंगाच्या काढा.

काकासाहेब: आणि नाही काढल्या तर?

द्वारकाबाई: नका काढू. मी ट्रॅक्टर घेऊन वाटंच्या तोंडाशी उभी राहीन आन् गावाला हाळी देईन. मनकर्णाकाकूंना खाटंसकट आनून बसवीन. पोराचा भंडारा खोटा ठरताना आईनं डोळ्यांनी बघावं.

काकासाहेब: आईला मध्ये आणू नका! अन्नपाणी सोडेल ती.

द्वारकाबाई: मंग कुऱ्हाडीला धार लावून ठेवा.

काकासाहेब: सोनाजी, तूच सांग यांना. हा एक्सल एवढा भार सोसेल का?

सोनाजी: त्ये मातर खरं हाय, आक्का. कडं लांब टाकलं तर एक्सलवर लई ताण येतो. रोज चालवला तर मोडंल.

काकासाहेब: ऐकलंत? सासऱ्यांची तेवढी एकच आठवण आहे तुमच्याकडे. तीही मोडून टाकणार?

द्वारकाबाई: रोज कशाला चालवू? एकदाच जायचं हाय त्याला. डांबरीपासनं घरापर्यंत.

सोनाजी: मंग कडं केवढं कापू, आक्का? आडवं माप सांगा.

द्वारकाबाई: भाऊजी, खिशात सुतळी आसंल तर सोनाजीला द्या. दवाखान्यात जाऊन ॲम्ब्युलन्स मोजून येऊ दे.