दादाचा पाच-नऊ

...आणि वर ती बाई मला विचारते, "मासं धराया आलाव व्हय?" डोंगरावर! तिसगावच्या मागं, जिथं प्यायचं पाणीसुद्धा मी पाठीवरून वाहून नेलेलं, तिथं मासे! पण तुम्हाला सांगतो, तिचं तरी काय चुकलं? बासष्ट वर्षांचा माणूस, डोक्याला माकडटोपी, तोंडाला फेस, आणि हातात ही एवढी लांब गळाची काठी घेऊन बोडका डोंगर चढतोय म्हटल्यावर लंकाबाईनं, म्हणजे ती शेळ्या चारायला आलेली बाई, तिनं दुसरं समजायचं काय? आता तुम्हीच सांगा, चूक कोणाची?

अहो, ती काठी एरियलची तार टांगायला! मी हौशी रेडिओवाला. रीतसर परीक्षा दिलेला, सरकारी परवाना असलेला. हो, आहेत अजून असे लोक, हसू नका. मोबाईल आहे, मान्य आहे, पण मोबाईलवर काय, नंबर लावला की माणूस सापडतो, त्यात कसली मजा? आमच्यात हवेत हाक मारायची आणि वाट बघायची. कोण ऐकेल, कुठून ओ देईल, काही सांगता येत नाही. आणि डोंगरांचा तर एक जगभरचा खेळच आहे. यादीतल्या डोंगरावर चढायचं, स्वतःच्या बॅटरीवर सेट लावायचा, वेगवेगळ्या चार जणांशी बोलायचं. चार झाले की डोंगर पास. तीन झाले तर नापास, उतरा खाली! हा डोंगर अजून कोणीच पास केला नव्हता. पहिला मान मला हवा होता. म्हणजे मला कशाला हवा होता... माझ्या मोठ्या भावाला, नृसिंहदादाला कळायला हवं होतं. खोटं कशाला बोलू!

दादा राहुरीला असतो. मी नगरला. एसटीनं तासाचा रस्ता. आणि सहा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. रात्री रशियातल्या माणसाला मी हवापाणी विचारणार, आणि सख्ख्या भावाला नाही!

कारण ऐकाल तर हसाल. आमच्यात कोणाशी बोललं की समोरच्याला आकडा द्यायचा असतो, तुझं बोलणं मला कसं पोचतंय त्याचा. शब्द कळले का, त्याला पाचपैकी. आवाज किती जोरात, त्याला नऊपैकी. उत्तम म्हणजे पाच-नऊ. आता रिवाज असा, की नुसती खरखर आली तरी माणूस म्हणतो, पाच-नऊ! लग्नात जेवण कसं होतं विचारल्यावर आपण काय म्हणतो? तसंच. पण आमचा दादा! रविवारी सकाळी सगळ्या महाराष्ट्रातले तीस-पस्तीस जण गप्पांना जमलेले, आणि त्यांच्यासमोर दादा मला म्हणतो, "सुहास, तुला तीन-दोन. आवाज घोगरा येतोय, निम्मं कळत नाही. आधी माइक बघ." तीन-दोन! सख्ख्या भावाला! बरं, माइकची तार सुटली होती, ते मला नंतर दिसलं. पण म्हणून चारचौघांत सांगायचं? ज्यानं मला तारांना डाग द्यायला, म्हणजे सोल्डरिंग, शिकवलं, माझं भाजलेलं बोट पाण्यात धरून ठेवलं, त्यानं? मी तिथल्या तिथं सेट बंद केला. रविवारच्या गप्पा कायमच्या सोडल्या. त्यानं फोन केला नाही, मी केला नाही. आता तुम्हीच सांगा, चूक कोणाची?

असो. तर डोंगर. अकरा वाजता तार टांगली, हाक मारायला सुरुवात केली. पहिला लागला हुबळीचा. मी म्हटलं पाच-नऊ, तो म्हणाला पाच-नऊ, नमस्कार, संपलं. मग हैदराबादचे एक गृहस्थ. पाच-नऊ, पाच-नऊ, नमस्कार. मग कोल्हापूरचे डॉक्टर. पाच-नऊ! तीन झाले! मी आनंदानं मांडीवर थाप मारली, तर लंकाबाई शेजारच्या दगडावर बसून माझ्याकडं असं बघतीय... "भाऊ, राग येऊ द्यू नगा, पर येक इच्यारू? येवढा डोंगर चढलाव. अन् बोललाव काय? ऐकू येतंय का? त्यो म्हनला, येतंय. अन् बंद! त्याला पोरंबाळं किती, तिकडं पाऊसपानी कसं, कायबी इच्यारलं न्हाई?"

मी म्हटलं, मावशी, हे असंच असतं. ती म्हणाली, "मंग ह्ये तर आमच्या शेळ्याबी करत्यात."

मी पाठ फिरवली आणि पुन्हा हाका मारायला लागलो.

चौथा काही लागेना. दहा मिनिटं, वीस मिनिटं, चाळीस मिनिटं! हाका मारून मारून जीव मेटाकुटीला आला, बॅटरी उतरायला लागली. आणि एकदम... माझ्या परवान्यावरची सगळी अक्षरं, म्हणजे हवेतलं माझं नाव, कोणीतरी हळू, एकेक करून म्हणालं. त्याची स्वतःची अक्षरं संपायच्या आत मी ओळखलं. दादा! आवाज म्हातारा झालेला. पण खणखणीत पोचत होता.

आता आमच्यात हाकेला कोणी ओ दिली की त्याला नाही म्हणता येत नाही. शिवाय चौथा होता तो! पण माझ्या पोटात सहा वर्षांचं साठलेलं, ते काय गप्प बसतंय? मी माइक तोंडाशी धरला आणि म्हणालो, "दादा, तुला तीन-दोन. पुन्हा सांगतो, तीन-दोन!" झालं! फिटलं! आता बघतो काय म्हणतोय.

दादा म्हणाला, "धन्यवाद, धन्यवाद! सुहास, तुलाही पाच-नऊ!"

मी गारच. दादा आणि पाच-नऊ? ज्या माणसानं उभ्या आयुष्यात कोणाला फुकटचा आकडा दिला नाही? आणि उतरत्या बॅटरीवर? मला काही कळेना. मी म्हटलं, दादा, तुझा गुडघा कसा आहे? तो म्हणाला, "पाच-नऊ!" मी म्हटलं, दादा, मी बोलतोय ते तुला ऐकू येतंय का? "पाच-नऊ, पाच-नऊ! उत्तम!"

मग माइक ओढल्यासारखा आवाज झाला आणि वहिनी बोलली. सवितावहिनी! तिला परवाना नाही, कायद्यानं तिनं बोलायचं नाही, पण बोलली. "भावजी, ह्यांना काही ऐकू येत नाही हो. चार वर्षं झाली. कोणाला सांगू देत नाहीत. रोज दिवसभर सेट लावून बसतात आणि सेटवरचा काटा हलला की येईल त्याला पाच-नऊ देतात. मी स्वयंपाकघरातून कान देऊन असते. तुमचा आवाज आला की सांगायचं, असं मला बजावून ठेवलंय. आज आलात, तर कागदावर लिहून दाखवलं. तेव्हापासून माइक हातात धरून बसलेत. चाळीस मिनिटं! काय बोलू, काय बोलू म्हणून..."

आणि बॅटरी गेली.

मी तिथंच खाली बसलो. रडलो, हो. लपवायचं काय त्यात? चार वर्षं तो माणूस ऐकू न येणाऱ्या पेटीपुढं माझ्यासाठी बसत होता, आणि मी रशियाला हवापाणी विचारत होतो. आता नाही विचारत तुम्हाला, चूक कोणाची ते.

लंकाबाई म्हणाली, "काय झालं? आलं का ऐकू त्येला?"

मी म्हटलं, नाही आलं.

"मंग जवळ जावा की," ती म्हणाली आणि शेळ्या हाकत निघून गेली.

वहीत तो चौथा मी लिहिला नाही. नियम आहे, दोघांनाही ऐकू आलं तरच धरायचं. लिहिला असता तर कोण बघायला येणार होतं? पण दादाचाच धाकटा भाऊ ना मी. डोंगर नापास. तार गुंडाळली, करंजीच्या घाटातून घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं राहुरी.

दादा कानातलं मशीन लावत नाही, शिट्टी वाजते म्हणतो. मग काय, समोर बसायचं आणि बोंबलायचं. गुडघा, साखर, लहानपण, माइकची तार, सगळं बोंबलून! शेजारच्यांना वाटलं आमची वाटणी चाललीय, दोघं समजूत घालायला येऊन गेले. घशाचा डॉक्टर म्हणतो, महिनाभर एक शब्द बोलू नका. आता काय सांगू त्याला? सहा वर्षं बोलत नव्हतो तेव्हा घसा ठणठणीत होता हो... आता दर रविवारी राहुरी, आणि दर सोमवारी मिठाच्या गुळण्या!