गाठीवरची हळद

आमचं घर म्हणजे वखारीच्या मागची एक खोली, सांगलीच्या बाजूला, आणि त्या खोलीत आम्ही पाच माणसं. आप्पा म्हणजे माझे वडील त्याच वखारीत रोजावर सुतारकाम करायचे, दाराच्या चौकटी, खिडक्या, पाळणे, काय येईल ते, आणि पावसाळ्यात बांधकामं थांबली की त्यांचंही काम थांबायचं. आई वखारीतला भुसा पोत्यानं आणायची, शेगडीत ठासून भरायची आणि त्यावर भाकरी थापायची, भुसा ओला असला की नुसता धूर, त्या धुरात मी अभ्यास करायची आणि माझे दोघं भाऊ डोळे चोळत बाहेर पळायचे. काय सांगू तुम्हाला, माझ्या दहावीच्या पुस्तकांना अजून तो वास येतो.

आमच्या भावकीत कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. मी चढले, मेकॅनिकल इंजिनिअर झाले, आणि हे मी मुद्दाम सांगते, लपवत नाही. कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहायचा होता तेव्हा मैत्रीण म्हणाली अगं बिझनेस लिही, मी म्हणलं बिझनेस कसला, सुतार आहेत ते, आणि सुतार असंच लिहिलं.

लग्न झाल्यावर महेशबरोबर इकडं, डच लोकांच्या देशात आले. तो झुइडासला, म्हणजे बँकांच्या उंच इमारतींच्या भागात, एका बँकेत आयटीत आहे, आम्ही राहतो जवळच्या हार्लेम गावात. त्याच्या व्हिसावर मला काम करायची मोकळीक होती पण काम मिळेना, दीड वर्ष नुसते अर्ज, डच येत नाही म्हणून नकार, मग डच शिकले तर अनुभव इथला नाही म्हणून नकार. सायकलवरून भाजी आणायला जाताना एका गल्लीत रंध्याचा आवाज आला. थांबलेच. रंध्याचा आवाज मला परका नाही ना. आत हेंक नावाचा साठीचा माणूस खर्जातल्या बास गिटारी बनवत होता, एकेका वादकासाठी एकेक, मापानं. मी म्हणलं मला रंधा येतो. तो म्हणाला दाखव. मी एका फळीवर रंधा मारून दाखवला, त्यानं निघालेली सालपटं उचलून उजेडात धरली आणि सोमवारी ये म्हणाला. एक वर्षाचा करार झाला, पुढचं पुढं बघू.

आता लाकडातली गाठ काय असते ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माणसाच्या अंगावर आवाळू येतं तसं झाडाच्या बुंध्यावर येतं, आतले धागे सरळ जायचे सोडून गोल गोल फिरतात, बारीक बारीक डोळे पडतात. आमच्या वखारीत असली गाठ दिसली की आप्पा शेगडीकडं फेकायचे, रंधा चालत नाही, खिळा बसत नाही. इथं तीच गाठ चिरून, पुस्तक उघडावं तशी दोन पानं समोरासमोर जोडतात आणि बासच्या अंगावर चिकटवतात, आणि काय रूप येतं म्हणता, वरून नदी बघावी तसं. पण आवाजाचं विचाराल तर गाठ आवाज खाते. हेंकचं म्हणणं रूप गाठीचं, आवाज खालच्या अ‍ॅश नावाच्या झाडाच्या लाकडाचा, गाठ किती जाड ठेवायची त्यावर सगळं. मी टिचकी मारून मारून बघायची, आठ मिलिमीटरला आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा, पाचला मोकळा.

ऑक्टोबरात माझा करार संपत होता. तेव्हाच लोटं नावाची एक वादक बाई गाठ घेऊन आली, तिच्या वडिलांच्या शेतातलं पॉप्लरचं झाड वादळात पडलं होतं, त्याच्या बुंध्यावरची. लाकूड पांढरंफेक, सायीसारखं. ती म्हणाली रंग अजिबात द्यायचा नाही, आहे तसंच हवं, आणि दुसरा तुकडा नाही बरं का. हेंक मला म्हणाला हे काम पहिल्यापासून शेवटपर्यंत तुझं, मी हात लावणार नाही, हे बघून तुझं ठरवतो. मी गाठ चिरली, जोडली, अ‍ॅशवर बसवली आणि घासत घासत पाचावर आणली. आवाजासाठी पाचावर आणली, हे लक्षात ठेवा.

खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडं हत्यारांची पूजा, हात लावायचा नाही कशाला. हेंकला विचारलं तर म्हणाला करवतीलाही सुट्टी का, बरं झालं, तिचा आवाज मला सोसत नाही. आणि जेवायला निघून गेला. मी रंधे, पटाश्या ओळीनं मांडल्या, हळदीकुंकू वाहिलं, झेंडू मिळाला नाही म्हणून शेवंती ठेवली. आणि मग, कसं झालं कोण जाणे, हात आपोआप गेला. आप्पा नवी चौकट वखारीतून निघायच्या आधी तिला ओल्या हळदीची पाच बोटं लावायचे, एकही चौकट त्यांनी तशी सोडली नाही. माझी पाच बोटं त्या बासवर उमटली.

सागवानाला काही होत नाही हो. पण गाठीत धाग्यांची तोंडं सगळी वर उघडी, ती पाण्यासारखी हळद प्याली. मी ओलं फडकं फिरवलं, डाग पसरला. घाबरून स्पिरिट लावलं, आणि तिथं मी इंजिनिअर असून माती खाल्ली, कारण हळद स्पिरिटमध्ये विरघळते, ती आणखी खोल उतरली. तळहाताएवढा पिवळाजर्द डाग. घासून काढावा तर पाचच मिलिमीटर, आणखी घासलं तर खालचं अ‍ॅश दिसायचं. मी त्यावर कापड टाकलं. हेंक आला, म्हणाला उद्या सकाळी तेल लावून टाक. तेल लागलं की डाग कायमचा आत कोंडला. मी हो म्हणाले. 

घरी जेवताना महेशला सांगितलं. तो म्हणाला अगं सांगतेस कशाला, लाकडाचाच रंग आहे म्हण, गाठीत असतात की पिवळे पट्टे, कोण बघायला गेलंय. आणि खरं सांगते, खपलं असतं. असतात पट्टे. 

सकाळी निघायच्या आधी घरी फोन लावला. आप्पा आधी हसलेच. म्हणाले, आगं पूजा हत्याराची असती, तू गिऱ्हाइकाच्या मालाला नवरी करून बसलीस व्हय. मग म्हणाले मालकाला सांगितलंस का. मी म्हणलं नाही. म्हणाले मग मला कशाला फोन करतीस, आधी त्याला सांग. तेवढ्यात आईनं फोन ओढला, म्हणाली रडतीस कशाला, हळद हाय ती, उन्हात टाक, साडीची जाती तर लाकडाची न जायला काय झालं. मी म्हणलं आई, इथं ऊन कुठंय. ती म्हणाली ऊन नसलेला मुलूख कसा असंल, जरा बघ तरी वर.

मी जाऊन हेंकसमोर कापड काढलं आणि पाचही बोटांची गोष्ट सांगितली, स्पिरिटचीही सांगितली. त्यानं बास खिडकीशी नेऊन बघितला. यम्मर, एवढंच म्हणाला, म्हणजे वाईट झालं. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. मग म्हणाला काल हो का म्हणालीस.  म्हणाला लोटंला तूच फोन कर, आत्ता, माझ्यासमोर. केला. ती म्हणाली शुक्रवारी तीन वाजता येते, तोवर काय करायचं ते करा, डाग असला तर मी माझं लाकूड घेऊन जाईन. तो मंगळवार होता. हेंकला म्हणलं मला ऊन लागेल. तो म्हणाला ऑक्टोबरात? हार्लेममध्ये? आणि डोकं हलवत आत गेला.

त्या दिवशी पाऊस, रात्रीही पाऊस. मी फोनवर ढगांचा नकाशा बघत बसले, दुसरं काम सुचेना. बुधवारी पाऊण तास ऊन पडलं. कालव्याच्या काठी बाकावर चादर घालून बास ठेवला आणि शेजारी उभी राहिले. भीती दुहेरी होती, ऊन नाही मिळालं तर डाग राहतो आणि जास्त मिळालं तर गाठ तडकते, तिचे धागे चारी दिशांना ओढतात ना. दर दहा मिनिटांनी जोडावर नख फिरवून बघायची. कुत्र्याला फिरवणारी एक आजी थांबली, म्हणाली याला सर्दी झालीय का. डागाची कड फिकी झाली होती, मधला भाग तसाच. गुरुवारी ढग आले आणि गेले, मी आत बाहेर, आत बाहेर सतरा वेळा, आणि संध्याकाळी डाग हळदीचा नव्हता राहिला, ताकाच्या कढीचा झाला होता.

शुक्रवारी दहापासून ऊन होतं. इथलं ऊन उजेडाला खरं असतं आणि उबेला खोटं, त्यामुळं लाकूड तापलं नाही, उजेड मात्र भरपूर मिळाला. बारा वाजता जोडापाशी टक् असा आवाज झाला.  भिंग लावून सगळा जोड बघितला, तडा नव्हता, मग कळलं की बाकाची फळी वाजली होती. दीडला ढग आले. मी बास आत आणून टेबलावर ठेवला आणि हात धुऊन बसून राहिले.

लोटं आली, कोट न काढता बास उचलून दारात उजेडाला घेऊन गेली. उलटा केला, तिरका धरला. म्हणाली डाग कुठं होता. मी जागा दाखवली आणि म्हणलं अजून एक ठिपका आहे, तुरीच्या डाळीएवढा, या डोळ्याच्या आत, तो गेला नाही. हेंकनं माझ्याकडं बघितलं, कारण मी दाखवला नसता तर तो कुणालाच दिसला नसता. तिनं वाकून बघितलं, बोट फिरवलं, मग गाठीवर टिचकी मारली, पुन्हा मारली, कान लावून. म्हणाली आवाज मोकळा आहे. मी म्हणलं पाच मिलिमीटर. ती म्हणाली तेल लावा.

त्या दिवशी तेलाचा पहिला हात मीच लावला, आणि गाठ अशी उठून आली की हेंकही रंधा खाली ठेवून बघायला आला. दोन आठवड्यांनी तारा चढवल्या. लोटंनं सगळ्यात जाड तार छेडली तेव्हा खिडकीची काच थरारली आणि मला कळलं की पाच बरोबर होतं.

पुढच्या सोमवारी हेंकनं कागद समोर ठेवला, पक्क्या नोकरीचा. म्हणाला कामाला तू चांगली आहेसच, ते मला पहिल्या आठवड्यात कळलं होतं, मला बघायचं होतं ते वेगळं. ते त्या डाळीएवढ्या ठिपक्याच्या दिवशी दिसलं, म्हणाला, आणि मी सही केली.

आता त्याला दोन वर्षं झाली. देवाच्या आणि तुमच्या आशीर्वादानं हात चालतायत. सांगलीकडच्या वखारीतल्या सुताराची मुलगी, घरातली पहिली पदवीधर, हार्लेममध्ये बास बनवते, आणि दुकानात येणारी प्रत्येक गाठ आता माझ्याकडं येते.