बाईंनी दिलेली हमी

समारंभाचे अध्यक्ष आणि या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. रघुवीर केळकर, विमान-देखभाल कंपनीचे मुख्य अभियंता श्री. सीताराम गावडे, आजच्या सत्कारमूर्ती प्राध्यापिका सरोजिनी विजयकर, व्यासपीठावरील इतर मान्यवर, आजी-माजी विद्यार्थी, त्यांचे पालक, आणि बटाटेवड्यांच्या वासाने मागच्या दाराकडे सरकू लागलेले माझे पत्रकार बंधू,

आपणां सर्वांना सविनय नमस्कार.

बाईंविषयी बोलण्याचा माझा अधिकार काय? मी अभियंता नाही. घरातला बल्ब बदलायलाही मी वायरमनला बोलावतो. पण शिवाजी पार्कला मी बाईंच्या खालच्या मजल्यावर राहतो आणि दर रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरातून कोळंबीच्या भुजण्याचा वास खाली येतो. ज्या शास्त्रीबुवांनी मला संस्कृत शिकवलं, त्यांना न कळवता मी ते भुजणं खायला शिकलो. माझा अधिकार एवढाच.

शास्त्रीबुवांनी आम्हांला पुष्पक विमान शिकवलं होतं. ते मनाच्या वेगाने उडायचं. मी विचारलं होतं, "गुरुजी, बिघडलं की दुरुस्त कोण करायचं?" त्यांनी मला वर्गाबाहेर उभं केलं. या प्रश्नाचं उत्तर मला पुढे तीस-पस्तीस वर्षांनी बाईंकडे मिळालं.

पालकांपैकी काहींना ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. बाईंची योजना साधी होती. तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी बुधवारी दुपारी आणि रविवारी सकाळी गावडेसाहेबांच्या कंपनीच्या कलिन्याच्या हँगरमध्ये जायचं, परवानाधारक अभियंत्यांच्या हाताखाली खऱ्या विमानावर काम करायचं, आणि त्याचा पगार घ्यायचा. पगारावर बाई अडून बसल्या होत्या. कंपनी म्हणाली, अनुभव देतो, तो काय कमी आहे? बाई म्हणाल्या, "फुकट आलेल्या मुलाला तुम्ही चहा आणायला पाठवाल. पगार दिलात तर काम शिकवाल." गावडेसाहेब हसताहेत. म्हणजे हे खरं असावं.

या पगारावर कुणाची फी निघायची, कुणाच्या घरचं वीजबिल. आणि रविवारी हँगरमधून सुटलेली मुलं थेट बाईंकडे जेवायला यायची. ताटावर बसून त्या दिवशी काय शिकलो ते सांगायचं, असा त्या घरचा रिवाज. मी तिथे निव्वळ श्रोता. म्हणजे खाणारा श्रोता.

गेल्या पावसाळ्यानंतरच्या एका रविवारी त्या मुलांतली उर्वी जेवेना.

"काय गं, कोळंबीने तुझं काय घोडं मारलंय?" बाई म्हणाल्या.

"काही नाही बाई," उत्तर ध्रुवने दिलं. "मॅटर क्लोज आहे."

"कुठलं मॅटर?"

आता ध्रुवविषयी दोन शब्द. याच्या वडिलांचं लोहार चाळीत हत्यारांचं दुकान. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये काहीही हरवो, कुणाचा ड्रिल बिट, कुणाचा पाना, ध्रुवच्या सॅकमधून तस्साच दुसरा निघायचा आणि जागेवर जायचा. मोजणी पूर्ण, गुण पूर्ण, सर खूश. सगळी बॅच याच्या जिवावर पास होत आली होती. प्राचार्य महोदय, हे आपल्याला आजच कळत असेल तर मी दिलगीर आहे.

उर्वी म्हणाली, "माझा आरसा हरवला बाई. मोजणीच्या आधी ध्रुवने त्याच्याकडचा दुसरा पेटीत ठेवला."

दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा दांडीचा छोटा आरसा. जिथे डोकं शिरत नाही तिथे तो घालून बघायचं. हँगरमध्ये प्रत्येकाच्या पेटीत प्रत्येक हत्याराच्या आकाराचा खळगा असतो. काम संपल्यावर एक जरी खळगा रिकामा दिसला, तरी हत्यार सापडेपर्यंत विमान हलत नाही. त्या दिवशी एकही खळगा रिकामा नव्हता.

"सेम टू सेम आहे बाई," ध्रुव म्हणाला. "त्यांचा पण आमच्याच लाइनीतल्या दुकानातून आला असेल."

"विमान कधी जातंय?"

"संध्याकाळी. दिल्लीला."

बाईंनी हात धुतले आणि आधी प्राचार्यांना फोन लावला. सर, आपण परवानगी दिलीत म्हणून सांगतो. आपण म्हणालात, "बाई, गंभीर आहे. उद्या सकाळी मीटिंग घेऊ." बाई म्हणाल्या, "सर, मीटिंगच्या आधी विमान जाईल. गावडेंना आत्ताच फोन लावू?" त्यावर आपण दोनच शब्द बोललात, "मग लावा." समितीविना निर्णय झाल्याची या महाविद्यालयाच्या इतिहासात ही बहुधा एकमेव नोंद.

बाईंनी फोन ध्रुवपुढे धरला. "गावडेंना लाव. तू सांग. मी शेजारी बसते."

"बाई, स्कीम बंद पडेल. तीस पोरं आहेत. नूपुरची फी त्याच्यावर आहे."

"पडेल. लाव फोन."

मित्रहो, मी अनेक सभा ऐकल्या, त्यांत शौर्यावरची भाषणंही पुष्कळ होती. 'पडेल' हा एक शब्द इतक्या शांतपणे उच्चारलेला मी त्याआधी ऐकला नव्हता. सहा वर्षं कंपनीच्या पायऱ्या झिजवून उभी केलेली योजना त्या माउलीने ताटावरून उठता उठता पणाला लावली.

ध्रुवने सांगितलं. अडखळत, पण सगळं सांगितलं. गावडेसाहेब लालबागचे. कामावर शुद्ध बोलतात, संतापले की मालवणीवर येतात. फोन स्पीकरवर होता. "मेल्या, तेव्हाच सांगूक तुका काय झालेला?" मग, "सांगितलंस तां बरा केलंस. ठेव आता. माका विमान उघडूचा आसा."

आरसा सापडला. पंखाच्या मागे, उतरताना जी फळी खाली झुकते, तिच्या बिजागरीजवळ. तिथे तो राहिला असता तर काय झालं असतं? मी गावडेसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "कदाचित काहीच नाही." या 'कदाचित'वर तुमच्यापैकी किती जण आपल्या मुलांना त्या विमानात बसवतील?

प्रवासी रात्रीपर्यंत खोळंबले. 'तांत्रिक कारण' ऐकून त्यांनी जे उद्गार काढले, ते आमच्या वर्तमानपत्रानेही गाळून छापले.

योजना थांबली. बाईंचा अंदाज सहसा चुकत नाही. तीस मुलांचा पगार बंद झाला. स्टाफरूमच्या दारात पालक उभे राहिले. नूपुरच्या आई, वैशालीताई, आज समोर बसल्या आहेत. त्या तेव्हा बाईंना म्हणाल्या होत्या, "तुमचा खरेपणा झाला मॅडम, आमच्या पोरीचं काय?" बाईंनी ताईंना खुर्ची दिली आणि ऐकून घेतलं. वर्गात ध्रुवशी कुणी बोलेना. ज्यांना त्याने तीन वर्षं पाने पुरवले, ते तर मुळीच नाही.

काही महिन्यांनी कंपनी म्हणाली, पुन्हा सुरू करू, पण विद्यार्थ्यांकडून चूक होणार नाही अशी लेखी हमी कॉलेजने द्यावी. असली हमी देणं किती सोपं! आपण सगळेच देतो, लग्नात तर अग्नीसमोर देतो. बाईंनी नकार दिला. त्यांनी लिहिलं, "मुलं चुका करतील. केलेली चूक ती त्याच दिवशी सांगतील, एवढीच हमी मी देऊ शकते."

गावडेसाहेबांनी ती वरपर्यंत नेली. गेल्या सोमवारी होकार आला. येत्या बुधवारी मुलं पुन्हा हँगरमध्ये जातील. नूपुर जाईल, उर्वी जाईल. बाई उद्यापासून निवृत्त, त्यामुळे त्यांचा हँगरचा पास रद्द. ध्रुव जाणार नाही. कंपनीने त्याच्यावर घातलेली बंदी वर्षभराची आहे आणि तोवर त्याचं तिसरं वर्ष संपेल.

मला वाईट वाटलं. परवा जिन्यात मी बाईंना म्हणालो, "गावडे तुमचं ऐकतात. पोरासाठी एक शब्द टाकला असतात तर?"

बाई म्हणाल्या, "मनमोहनराव, ती बंदी त्याची आहे. ती त्याच्या वतीने मी गुपचूप काढून घेतली, तर त्याने केलं तेच मी केलं की."

मग दोन पायऱ्या चढून थांबल्या आणि म्हणाल्या, "रविवारी येतो ना तो जेवायला. त्याला मी जास्त वाढते."

ध्रुव, तू मागे साउंड सिस्टीमपाशी उभा आहेस. तुझ्या बाईंनी महाविद्यालयाच्या वतीने एकच हमी दिली, आणि ती द्यायचा धीर त्यांना तुझ्या त्या फोनने दिला. हे त्या तुला कधी सांगणार नाहीत, म्हणून मी सांगतो.

मला बोलावल्याबद्दल आयोजकांचे, आणि भूक आवरून ऐकल्याबद्दल आपणां सर्वांचे आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, काही कमी-जास्त झालं असेल, तर क्षमा मागतोच. पण नुसती क्षमा करून घरी जाऊ नका. माझं काय चुकलं ते आत्ताच, वडे थंड व्हायच्या आत, मला येऊन सांगा. बाई शेजारी बसलेल्या आहेत.

नमस्कार.