दुसरी रेघ

नर्स : दार कशाला लावताय, भाऊजी? दवाखाना आहे हा. काय झालंय ते सांगा.

भाऊजी : हळू बोल. हे वाच. कारखान्यात रक्तदान केलं होतं, त्या रक्तपेढीचं पत्र आहे.

नर्स : सिफिलिस.

भाऊजी : चुकलं असेल ना त्यांचं? मी तर धडधाकट आहे.

नर्स : खाली कधी फोड आला होता?

भाऊजी : अगं, तू माझी मेव्हणी आहेस.

नर्स : आत्ता नर्स आहे. आला होता?

भाऊजी : चार वर्षांपूर्वी. मशीन बसवायला तीन महिने बाहेरगावी होतो, तेव्हा. झालं काहीतरी तिथे. एकच फोड, दुखतही नव्हता. मेडिकलवाल्यानं मलम दिलं, महिन्याभरात गेला.

नर्स : गेला कुठला! मलम लावा नाहीतर राख लावा, फोड आपोआप सुकतो. रोग रक्तात मुक्काम ठोकतो.

भाऊजी : मग दे एक इंजेक्शन आणि मिटव. फक्त तुझ्या ताईला कळू देऊ नकोस. सहावा महिना चालू आहे तिला.

नर्स : म्हणून तर कळायला हवं! आईकडून बाळाला जातं हे. तिचं रक्त तपासायला दिलं होतं ना? रिपोर्ट कुठाय?

भाऊजी : आणायला गेलोच नाही.

नर्स : का?

भाऊजी : मागचं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं, तेव्हा डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, दोघांचं रक्त तपासून घ्या. मी तिला ते सांगितलंच नाही.

नर्स : म्हणजे तुम्हाला शंका होती.

भाऊजी : भीती होती. कागदावर आलं की खरं होतं गं सगळं.

नर्स : हॅलो, ताई? हातातलं काम टाक आणि दवाखान्यात ये. नाही गं, अपघात नाही. भाऊजी इथेच आहेत. ये तू.

भाऊजी : घर मोडशील तू माझं.

नर्स : बसा खाली. तिला तुम्ही सांगायचंय, मी नाही.

(तासाभरानंतर, त्याच खोलीत. ताईच्या बोटाला कापूस आहे.)

ताई : त्या पट्टीवर दुसरी रेघ उमटतेय. ती चांगली की वाईट?

नर्स : आहे तुलाही, ताई.

ताई : आणि याला? पोटातल्याला?

नर्स : आत्ता नाही सांगता येणार. डॉक्टर बारा वाजता येतील, आजच पहिलं इंजेक्शन घेऊ. दर आठवड्याला एक, अशी तीन. एकही चुकवायचं नाही. उपचार लागू पडले तर बाळ बहुतेक वाचतं. जन्मल्यावर त्यालाही तपासावं लागेल.

ताई : बहुतेक.

नर्स : खोटं कसं बोलू तुझ्याशी?

भाऊजी : मीही घेतो तिन्ही. डॉक्टर म्हणतील ते सगळं करतो. तू फक्त बोल काहीतरी.

ताई : आधी ठोके बघ गं.

नर्स : आडवी हो. श्वास सोड. जरा गप्प राहा दोघंही. अंहं, इथे नाही. थोडी कुशीवर वळ... हां. लागले. ऐक.

ताई : किती भरभर पळतंय.

नर्स : असंच हवं.

भाऊजी : बघ! म्हटलं नव्हतं मी, सगळं ठीक होईल?

ताई : मागचं बाळ गेलं तेव्हा तुमची आई चार बायकांसमोर म्हणाली होती, हिला पोट सांभाळता आलं नाही.

भाऊजी : ती बोलून जाते गं. तिच्या मनात काही नसतं.

ताई : तुम्ही तिच्या शेजारीच बसला होतात.