तिसरी पट्टी

बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका खासगी प्रयोगशाळेत प्रतिमा रिपोर्टची वाट बघत बसली होती. बसच्या ब्रेकसाठी आलेलं नवं रबर तिच्या सहीशिवाय पुढे जाणार नव्हतं. तपासनीस म्हणून ती नवीनच होती, आणि काउंटरवर कन्नडच बोलली होती. त्यामुळे शेजारच्या बाकावर पुरवठादार साहेब आणि त्यांची केमिस्ट बिनधास्त मराठीत भांडत होते.

"शाल्मली, रबराच्या पट्ट्या ताणल्यावर चोवीस मेगापास्कलपर्यंत टिकल्या ना?"

"सहातल्या पाच टिकल्या, सर. तिसरी अकरालाच तुटली."

"मशीनच्या जबड्यात चिमटून तुटली असेल. सोडून दे."

"बरोब्बर मधोमध तुटली. आत पांढरा ठिपका दिसतोय. नॅनो सिलिकाची पूड रबरात नीट पसरलीच नाही. पिठल्यात गुठळी राहते ना, तसं झालंय."

"एका गुठळीचं काय घेऊन बसलीस! मी सरासरी पाचांचीच लिहायला लावलीय."

"आणि तीच गुठळी ब्रेकमध्ये गेली तर?"

"हळू बोल."

"इथे कोणाला कळतंय? सर, मिक्सिंग परत करू. दोनच दिवस लागतील."

"दोन दिवस नाहीयेत आपल्याकडे. तुटलेले तुकडे कुठायत?"

"माझ्या पर्समध्ये."

"आण इकडे."

"नाही देणार."

"प्रतिमा मॅडम, रिपोर्ट रेडी! इल्ली सही माडी," काउंटरवरून सहीसाठी हाक आली.

तिने काउंटरवर जाऊन पाहिलं, कागदावर पट्ट्या पाचच होत्या. प्रतिमाने पेनाला टोपण लावलं आणि ती बाकाकडे वळली.

"शाल्मली, पर्स उघड गं जरा. ती गुठळी मला बघू दे."