आक्कांच्या ओटीतले खण

माझं गाव किल्लारीच्या पलीकडं. भूकंपात आई गेली तेव्हा मी परकर-पोलक्यातली पोर. आमच्या भागाचे पुढारी, सगळे त्यांना साहेब म्हणायचे, दिल्लीत मोठ्या पदावर होते, ते पडलेलं गाव पाहून गेले, आणि त्यांच्यामागून त्यांच्या बायको जीपनं आल्या, त्या पत्र्याच्या शेडमधी आमच्यासंगंच राहिल्या. सगळे त्यांना आक्का म्हणायचे. जाताना मला म्हणाल्या, चल लातूरला, शाळेत घालते, जीपमधी उलटी केलीस तरी चालंल, मुकी बसू नको. मी मुकीच निघाले. आज बोलून राहिले ते बी आक्कांनी सांगितलं म्हणून.

लोकांना वाटतं एवढ्या मोठ्या पुढाऱ्याची बायको म्हणजे दिल्ली, बंगला, रेशमी साड्या. न्हाई हो. आक्का दिल्लीला पाव्हण्यासारख्या जायच्या आन् आठ दिवसांत म्हणायच्या, तिथं हवा बी विचारून येती. त्यांचा जीव इकडं, लातूर-नांदेडच्या खेड्यांत. कुठंबी गेल्या की बाया ओटी भरायच्या, गहू, नारळ, वर खण. जीपची मागची बाजू खणांनी भरायची. लातूरला आक्कांच्या वसतिगृहात आम्ही पोरी त्याच खणांच्या कुंच्या शिवायचो, तान्ह्या लेकरांच्या डोक्याला. आक्कांची अट एकच, बाई दवाखान्यात बाळंत झाली तरच कुंची. काय सांगू तुम्हाला, ज्या सासवा म्हणायच्या आम्ही काय दवाखान्यात बाळंत झालो का, त्याच सुनेला गाडीत बसवू लागल्या, कारण शेजारणीच्या नातवाला आक्काची कुंची आली आन् यांच्या न्हाई. किती बाया त्यानं वाचल्या असतील, देवाला ठाऊक.

माझं लग्न आक्कांनीच लावलं, कंधारला दिलं. मालक लवकर गेले. पुढं नणंदेच्या लेकीच्या लग्नात हळदी-कुंकवाचं ताट माझ्यासमोर आलं, जरा थांबलं आन् पुढं गेलं. मी आक्कांकडं परत आले, तेव्हापासून त्यांच्यासंगंच हाय.

मग साहेब गेले. वर्ष सरल्यावर आक्का म्हणाल्या, काढा जीप. मला नणंदेकडचं ते ताट आठवलं. ताट आता आक्कांसमोर थांबंल आन् पुढं जाईल, ते मला बघवणार न्हाई. म्हणून मी आधीच गावोगावी फोन केले, आक्का येऊन राहिल्यात, ओटीचं ताट काढूच नका. बायांनी ऐकलं. सरपंचानं शाल दिली, बाया लांब बसल्या, हात कुठं ठेवावा कळंना त्यांना. चार गावं अशी झाली. परतताना आक्का म्हणाल्या, सगळं साहेबांसाठी होतं गं, मीच येडी, माझं समजत होते. जीपवर ताडपत्री पडली. शिलाईच्या खोलीत खण संपले. दवाखान्यातली नर्सबाई फोन करायची, ताई, बाया कुंची मागून राहिल्यात, दोघी तर घरीच बाळंत झाल्या. आक्का खिडकीशी बसून राहायच्या, आन् मी मुकी.

शेवटी एकदा त्यांच्या डोक्याला तेल लावता लावता सांगितलं. आक्का, बायांनी न्हाई, मी बंद केलं. मी त्यांच्या समोर बसले असते तर माझं तोंड उघडलं नसतं. आक्का मग म्हणाल्या, ताट पुढं गेलं असतं तर मी म्हणले असते, हळद-कुंकू राहू दे बाई, खण टाक, लेकराला लागतो. तेवढं बोलायला मला येत होतं. तू माझं तोंडच बंद केलंस. मग म्हणाल्या, चोळ जरा जोरात, आन् फोन लाव त्या बायांना.

नायगावकडच्या एका गावात गेलो. ताट आलं आन् एक म्हातारी बोललीच, असल्या बाईची ओटी भरतेत का कुठं? दुसरी म्हणाली, आत्याबाई, तुमच्या नातवाच्या डोक्यावरची कुंची मग कोणत्या बाईची होती? बाया तोंडाला पदर लावून हसल्या. म्हातारी पुटपुटत उठली, पण उठली. आक्कांच्या पदरात गहू घातले, नारळ घातला, खण घातला. मी मागं सरकले तर म्हातारी माझ्यावरच खेकसली, तू कुठं चाललीस, पसर पदर, माझे हात दुखून राहिलेत. मी पसरला.

आता आक्कांना दिसतं कमी, जीपमधी चढवावं लागतं, तरी हप्त्यातून एक गाव करतातच. माझी चूक लहान नव्हती. त्या दोघी घरी बाळंत झाल्या, त्यांची लेकरं जगली ही देवाची कृपा, माझी हुशारी न्हाई. आक्कांनी तो विषय परत काढला न्हाई, मलाच रोज आठवतो. पण त्यांनी मला घरातून काढलं न्हाई, जीपमधली जागा बी बदलली न्हाई. एवढी माया पदरात पडली, आणखी काय मागू? त्यांचे हात-पाय चालते राहोत, आन् मला त्यांच्यासंगं चढता येवो.