जंतू कोनाचे

(शिरपूर जैन. उत्कर्षचं मेडिकल, भरदुपार. वाशीमच्या दवाखान्यातून त्याची बायको पल्लवी एसटीनं एकटीच परतलेली. तिला सातवा महिना.)

पल्लवी : ना ताप, ना जळजळ. तरी माह्या लघवीत जंतू निघाले. मॅडम म्हनल्या, धडधाकट बाईच्याई आंगात राह्यतात ते.

उत्कर्ष : राह्यतात ना. त्यात घाबरण्यासारखं काय? कोणती गोळी लिहून दिली? आत्ताच काढून देतो.

पल्लवी : तुमच्या दुकानातलं एकई औषध त्याइले लागू पडत नाही.

उत्कर्ष : असं म्हणाल्या?

पल्लवी : एकेक नाव सांगतलं. समदी माह्या वळखीची. सर्दी झाली का तुमी देत होते ते, दाढ दुखली तव्हाचं ते. बरं वाटलं का बंद.

उत्कर्ष : तुझ्या एकटीच्या गोळ्यांनी नाही होत ते. पाण्यातून येतात, खाण्यातून येतात. अख्खं गाव गोळ्या खाऊन राह्यलं.

पल्लवी : कोनाच्या हातच्या?

उत्कर्ष : लोक मांगतात, मी देतो.

पल्लवी : नेमके कोठून आले ते सांगता येत नाही, असं मॅडमई म्हनल्या. त्याच्यासाठी मी भांडून नाही राह्यली.

उत्कर्ष : मंग कायले?

पल्लवी : त्या म्हनल्या, मांगच्या खेपीची तुमची पोरगी असल्याच जंतूनं गेली, म्हणून यावेळी आंधीच तपासलं. मी इचारलं, कोनते जंतू? त्या माह्या तोंडाकडे पाहतच राह्यल्या. म्हनल्या, तुमच्या मालकाले मी तव्हाच समजावून सांगतलं होतं. तुमी तापानं पडून होत्या, म्हणून त्याइले सांगतलं.

उत्कर्ष : तुले सांगून पोरगी वापस आली असती का?

पल्लवी : तुमची आई चारचौघात म्हने, आठव्या महिन्यात कापूस येचाले गेली अन् हिनं पोरगी मारली. तुमी ताटावर बसून आयकत होते. वरून भाजी मांगत होते.

उत्कर्ष : आईले नसतं समजलं हे जंतूबिंतू.

पल्लवी : मले समजलं असतं. आईचं खरं असंन असं मीई धरून बसली होती. आजलोक वावरात पाय नाही ठेवला म्या.

उत्कर्ष : गावात कळलं असतं तर या दुकानात कोण आलं असतं? मेडिकलवाल्याच्याच पोरीले औषध लागू पडलं नाही, असं म्हणाले असते.

पल्लवी : हे खरं बोलले तुमी.

उत्कर्ष : यावेळी तसं नाही होणार, पल्लवी. इलाज असंन ना काही?

पल्लवी : एक इंजेक्शन उरलं हाये. भरती व्हा लागते. उद्या जाऊन राह्यली मी.

उत्कर्ष : मी येतो संगं.

पल्लवी : नका येऊ. तुमी आईले सांगा. आज, माह्यासमोर.

उत्कर्ष : सांगतो. पण आधी बाळंतपण नीट होऊ दे. आत्ताच कायले घरात...

कमलीबाई : (गावातली म्हातारी, दुकानाच्या पायरीवरून) उत्कर्ष, हायेस का रे? सून खोकलून राह्यली. त्या दिवशी देल्ल्या, तशा दोन क्याप्सूल दे बापा.

उत्कर्ष : पोटुशी आहे ना ती, मावशी? दवाखान्यात न्या तिले.

कमलीबाई : त्या दिवशीई पोटुशीच होती. तव्हा त तूच देल्ल्या.

उत्कर्ष : संपल्या.

पल्लवी : नाही संपल्या, मावशी. त्याइच्या मांगच्या फळीवर हायेत.

कमलीबाई : मंग देत काहून नाही?

पल्लवी : (उत्कर्षला) सांगा ना याइले, काहून देत नाही ते. आईले नाही सांगवत, त याइले तरी सांगा.

कमलीबाई : काय झालं रे, उत्कर्ष?

उत्कर्ष : काही नाही, मावशी. बसस्टँडजवळच्या मेडिकलमध्ये भेटतील तुमाले.